मेनूत न दिसणारा पर्याय

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर काहीतरी करतेस ना, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." गेली तेवीस-चोवीस वर्षं माझी आईसुद्धा मला हेच सांगते आहे. "शेजारच्या काकू विचारतात, मुलगी नेमकं काय करते? मी काय सांगू?" तिला मी शेवटी सांगितलं, "मी कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करते." त्यावर आई म्हणाली, "म्हणजे दुरुस्तीचं." मी म्हटलं, हो, तसंच म्हण.

आज जरा नीट सांगायचा प्रयत्न करते. एक चूक सांगणार आहे, ती माझी आहे. आणि शेवटी एक विनंती करणार आहे, ती आपल्या सगळ्यांना आहे.

आपल्या शाळेतले मामा आठवा. सकाळी कुलूप तेच उघडायचे, घंटा तेच द्यायचे. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे, नकाशे त्यांच्याकडे, खडूचा डबा त्यांच्याकडे. दोन वर्गांना एकाच वेळी प्रयोगशाळा हवी असेल तर कोण आधी, कोण नंतर, हे तेच सांगायचे. परीक्षेत एकाही प्रश्नाचं उत्तर "मामा" असं नव्हतं, पण ते एक दिवस आले नाहीत तर शाळा भरत नसे. कॉम्प्युटरमध्ये हे मामांचं काम जो प्रोग्राम करतो त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती, मेमरी कोणाला किती, डिस्कला हात लावायची परवानगी कोणाला, हे सगळं कर्नल ठरवतो. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्यात लिनक्स नावाचा कर्नल आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. आपण तेव्हा सहावी-सातवीत होतो आणि वहीला तपकिरी कव्हर घालत होतो.

हा कर्नल सी नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. माणसाला ती वाचता येते, यंत्राला येत नाही. सी मधला मजकूर यंत्राच्या भाषेत नेणारा जो प्रोग्राम असतो तो कंपायलर. लिनक्ससाठी हे काम सुरुवातीपासून जीसीसी हा कंपायलर करत आला. त्याची पहिली आवृत्ती १९८७ ची, रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातली. कर्नल लिहिणाऱ्यांनी जीसीसीच्या खास लकबीही मोकळेपणाने वापरल्या. त्यामुळे कित्येक वर्षं "कर्नल कोणत्या कंपायलरने बांधायचा" हा प्रश्नच नव्हता. गावात एकच शिंपी असेल तर कपडे कुठे शिवायचे असं कोणी विचारत नाही, तसं.

मग दुसरा शिंपी आला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्याचे प्राध्यापक विक्रम अडवे यांनी २००० च्या सुमारास एलएलव्हीएम नावाचा प्रकल्प सुरू केला. हे अडवे आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले. त्याच प्रकल्पातून पुढे क्लँग हा कंपायलर निघाला. लिनक्सचा कर्नल क्लँगने बांधता यावा म्हणून अनेक लोक वर्षानुवर्षं झटले. दोन्ही बाजूंनी बदल करावे लागले, कधी कर्नलमध्ये तर कधी क्लँगमध्ये. २०१७ साली गूगलचा पिक्सेल २ हा फोन क्लँगने बांधलेला कर्नल घेऊन बाजारात आला.

दोन शिंपी असण्याचा फायदा असतो. एकाच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याला दिसते. शिवाय क्लँगला काही संरक्षणं देता येत होती जी त्या वेळी जीसीसीने बांधलेल्या कर्नलमध्ये मिळत नव्हती. त्यातल्या एकाचं नाव सीएफआय. मामांच्याच भाषेत सांगायचं तर, चिठ्ठी घेऊन निघालेला मुलगा वाटेत कोणी चिठ्ठी बदलली म्हणून भलत्याच खोलीत शिरत नाही ना, हे प्रत्येक दारात तपासायचं. हल्लेखोर नेमकी ही चिठ्ठीच बदलायचा प्रयत्न करतात.

आता माझं काम कुठे येतं ते सांगते. कर्नल बांधायचा तर दोन पायऱ्या असतात. पहिली, ठरवायचं. कर्नलमध्ये हजारो पर्याय आहेत: हे घ्यायचं, ते सोडायचं. त्याचा एक भलामोठा मेनू असतो. तुम्ही निवडता आणि ती निवड एका फाइलमध्ये साठते. दुसरी पायरी, त्या फाइलप्रमाणे प्रत्यक्ष बांधायचं. आधी माप, मग शिलाई.

२०१८ साली ४.१८ या आवृत्तीपासून या मेनूत एक शहाणपण आलं. मेनू तयार होतानाच तो कंपायलरला विचारू लागला, "तू कोण? तुझी आवृत्ती कोणती? तुला हे जमतं का?" कंपायलरला जे जमत नाही तो पर्याय मेनूत येतच नाही. चांगली सोय आहे. न जमणारं निवडायचं आणि मग तासाभराने शिलाई अडायची, हा त्रास वाचला. पण त्याचा अर्थ असाही झाला की मेनूत काय दिसणार हे कंपायलर कोणता त्यावर ठरू लागलं. म्हणून माप घेताना जो शिंपी सांगितला तोच शिवतानाही सांगायला हवा.

आणि हे सांगणं सोपं नव्हतं. कर्नल बांधायला एकटा कंपायलर पुरत नाही. त्याच्यासोबत तुकडे जोडणारा लिंकर लागतो, संग्रह करणारा, चाळणी लावणारा, नको ते काढून टाकणारा, अशी हत्यारांची पेटीच लागते. क्लँगच्या घरची अख्खी पेटी वापरायची तर आज्ञा देताना बारा वेगवेगळी नावं लिहावी लागत: कंपायलर हा, लिंकर हा, अमुक हा, तमुक हा. त्यातली आठ ज्या यंत्रासाठी बांधायचं त्याची आणि चार आपल्या स्वतःच्या यंत्राची. ही बाराखडी मापाच्या वेळी एकदा आणि शिलाईच्या वेळी पुन्हा. यातलं एखादं नाव लिहायचं राहिलं तर कोणी ओरडत नाही. त्या जागी जुनं, ठरलेलं हत्यार गुपचूप वापरलं जातं.

२०२२ सालची गोष्ट. मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही नेटवर्कची यंत्रं बनवत होतो. त्यांच्या कर्नलमध्ये सीएफआयचं संरक्षण आहे असं आम्ही ग्राहकाला लिहून दिलं होतं. कर्नल बांधायच्या दोन स्क्रिप्ट होत्या, एक मापाची आणि एक शिलाईची. दोन्ही मी लिहिलेल्या. नवीन सर्व्हर आला तेव्हा त्या मीच तिथे हलवल्या. मापाच्या स्क्रिप्टमध्ये बाराच्या बारा नावं होती. शिलाईच्या स्क्रिप्टमध्ये ती टाकायची राहिली. भर म्हणून, रात्री कोणी उत्तर द्यायला बसलेलं नसतं, म्हणून त्याच स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला मी एक ओळ घातली होती: काही नवीन प्रश्न पडले तर थांबू नकोस, ठरलेली उत्तरं घे आणि पुढे जा.

झालं ते असं. माप क्लँगने घेतलं, संरक्षण निवडलं गेलं. शिलाईला जीसीसी बसला. त्याने फाइल बघितली. सीएफआय हा क्लँगचा पर्याय, म्हणून तो वगळला. बाकी ठरलेली उत्तरं घेतली. कर्नल बांधून झाला. एकही चूक दाखवली गेली नाही. यंत्र सुरू झालं, सगळ्या चाचण्या पास. आपल्या निळ्या स्कर्टला चुण्या हव्यात असं वहीत लिहिलेलं, पण शिवणाऱ्याला चुण्या येत नाहीत, म्हणून त्याने वहीतली ओळ पुसली आणि साधा स्कर्ट शिवून दिला. आणि वही आता स्कर्टशी अगदी जुळते!

यातली सर्वांत वाईट गोष्ट ऐका. मेनूतला एखादा पर्याय तुम्ही स्वतः नाकारलात तर फाइलमध्ये तशी नोंद राहते, की हा पर्याय घेतलेला नाही. पण पर्याय दिसण्याचीच अट पुरी होत नसेल तर त्याच्याबद्दल फाइलमध्ये एक अक्षरही राहत नाही. "नाही" असंही लिहिलेलं नसतं. तो कधी होता याची खूणच उरत नाही.

अशी चाळीस यंत्रं ग्राहकाकडे चाचणीसाठी गेली. दोन आठवड्यांनी तिथल्या एका अभियंत्याने यंत्र सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या अगदी पहिल्या ओळी वाचल्या. कर्नल स्वतःची आवृत्ती सांगतो तिथेच आपल्याला कोणत्या कंपायलरने बांधलं तेही सांगतो. तिथे जीसीसी लिहिलं होतं. त्या ओळी मी हजारो वेळा बघितल्या असतील. वाचल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "हा बिल्ड कोणी केला?" सर्व्हरच्या नोंदीत एका मुलाचं नाव होतं. लागून तीन महिने झालेले, आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावचा, इंग्रजी बोलताना आधी मनात जुळवाजुळव करणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी." मग त्याला बरंच ऐकावं लागलं. काळजी घेता येत नाही का, सूचना वाचता येत नाहीत का. त्याने फक्त मी दिलेली स्क्रिप्ट चालवली होती. त्याला वाटत होतं की आपणच काहीतरी विसरलो. आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले याची कारणं मी त्या रात्री स्वतःला पुष्कळ दिली. मला आधी खात्री करायची होती. बैठकीत वाद नको होता. त्या वर्षी माझ्या बढतीचा विषय होता, हेही त्यात होतं. रात्री दीडला मी दोन्ही स्क्रिप्ट शेजारी-शेजारी उघडल्या. खात्री व्हायला चार मिनिटं लागली. सकाळी मी सगळ्यांना लिहून कळवलं की चूक स्क्रिप्टची आहे, स्क्रिप्ट माझी आहे, आणि त्याचा यात काही संबंध नाही. मग त्याच्या टेबलाशी जाऊन त्याला तोंडाने सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलंच नाही की स्क्रिप्ट चुकीची असू शकते." मला हे वाक्य ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. बढती त्या वर्षी झाली नाही. तो एक दिवस मात्र परत घेता आला नाही.

दुरुस्ती काय केली, तेही सांगते, कारण आपले गणिताचे सर नुसतं उत्तर लिहिलं तर अर्धे गुण कापायचे.

खरं तर औषध आमच्या समोरच होतं. तेव्हा कर्नलची बांधणी सांभाळत असलेले मासाहिरो यामादा यांनी २०२० साली ५.७ या आवृत्तीत सोय केली होती, की बारा नावं लिहायची गरज नाही. एवढंच सांगायचं: एलएलव्हीएम बरोबर एक. अख्खी पेटी एकदम बदलते. पुढे २०२१ च्या ५.१५ पासून या एका शब्दातच असेंब्लरही क्लँगचा स्वतःचा येऊ लागला, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधताना वेगळा उपसर्ग सांगण्याची गरजही बहुतेक ठिकाणी संपली. नुसतं यंत्र कोणतं ते सांगा, बाकी कळतं. ५.१८ मध्ये याच एका जागी कोणती आवृत्ती हवी किंवा पेटी कुठे ठेवली आहे, तेही सांगता येऊ लागलं. आमचा कर्नल ५.१५ होता. म्हणजे सोय हाताशी होती. आम्ही जुन्या काळच्या स्क्रिप्ट पुढे-पुढे नेत राहिलो, लग्नातल्या आहेराच्या भांड्यांसारख्या.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, कंपायलर कोणता हे एकाच फाइलमध्ये, एकदाच लिहिलं. माप आणि शिलाई दोन्ही तिथूनच वाचतात. दुसरी, "ठरलेली उत्तरं घे आणि पुढे जा" ही ओळ शिलाईच्या स्क्रिप्टमधून काढून टाकली. प्रश्न पडला तर थांबायचं. तिसरी, जे पर्याय असलेच पाहिजेत त्यांची यादी केली आणि बांधून झाल्यावर प्रत्येक नाव तपासायचं ठरवलं. एकही नाव गायब असेल तर काम तिथेच बंद आणि मोठ्याने ओरडा. निवडींचे तुकडे एकत्र करणारी एक छोटी स्क्रिप्ट कर्नलसोबतच येते. मागितलेला पर्याय शेवटच्या फाइलमध्ये उतरला नाही तर ती इशारा देते. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन इशाऱ्याचा अडथळाच केला. ही तिसरी गोष्ट त्याच मुलाने लिहिली. आज तो त्या गटाचा प्रमुख आहे.

मी यातून जे शिकले ते एका वाक्यात सांगते. जी महत्त्वाची गोष्ट कुणाच्या आठवणीवर सोपवलेली असते, ती कधी ना कधी राहते. आठवण ठेवणारा माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. तो माणूस असतो म्हणून.

आता विनंतीकडे येते.

माझ्या बाकावर जी मैत्रीण बसायची ती आज इथे दुसऱ्या रांगेत आहे. तिची परवानगी घेऊन बोलते आहे. बीजगणितात ती माझ्यापेक्षा पुढे होती. मी तिचं बघून लिहायचे. सर, आज कबूल करते. दहावीनंतर ती कुठे गेली, मी कुठे गेले, हे आमचं आम्हालाच कळलं नाही. मागच्या वर्षी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हा आम्ही तासभर फोनवर बोललो. मी विचारलं, "तू सायन्सला का नाही गेलीस गं? घरून नाही म्हणाले?" ती म्हणाली, "मला कुणी नाही म्हटलंच नाही. विषयच निघाला नाही."

फोन ठेवल्यावर मला ती फाइल आठवली. "नाही" असंही लिहिलेलं नसतं.

माझा विषय निघाला, कारण निकालाच्या दुसऱ्या दिवशी गणिताचे सर सायकलवरून आमच्या घरी आले. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाले, "हिला सायन्सला घाला. फॉर्म मी आणलाय." वडिलांना तोवर अशी काही वाट आहे हेच माहीत नव्हतं. ते विरोधात नव्हते. त्यांच्या मेनूत तो पर्यायच नव्हता. सर, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर आज मी काय करत असते, मला माहीत नाही. तुम्ही किती घरांत गेलात हेही मी तुम्हाला कधी विचारलं नाही. पण तुम्ही एकटे होता आणि सायकल एकच होती. सगळ्यांच्या ओसरीवर तुम्हीच पोचायला हवं होतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. ते काम एका माणसाच्या आठवणीवर आणि पायडलवर सोडलं, हीच आपली सगळ्यांची चूक.

माझ्या मैत्रिणीचं काही अडलं नाही, हे सांगायलाच हवं, नाहीतर ती मला चहाच्या वेळी धरेल. लग्नानंतर तिने बाहेरून बी.कॉम. केलं. आज ती पतसंस्थेत आहे आणि तिथल्या हिशेबात पैशाचा फरक निघाला तर संध्याकाळी कोणी घरी जात नाही. मला तिची कीव करायची नाही. निवडून ती तिथेच गेली असती, तर प्रश्नच नव्हता. निवडायला मिळालं नाही, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून ही विनंती. आपण शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. पंखे, पाण्याची टाकी, संगणक. सगळं द्या, मीही वर्गणी देते. पण त्यासोबत एक दिवस द्या. दरवर्षी निकालानंतरच्या पहिल्या रविवारी आपल्यातले काही जण शाळेत बसतील. डिप्लोमा, आयटीआय, नर्सिंग, सायन्स, कॉमर्स, शेती, काय काय आहे, फॉर्म कुठे मिळतो, फी किती, शिष्यवृत्ती कोणती, हे दहावीच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आई-वडिलांना सांगतील. आणि मुख्य म्हणजे हजेरीपट समोर ठेवायचा. आला-गेला मोजायचा नाही. प्रत्येक नावापुढे खूण हवी की याच्याशी, हिच्याशी बोलणं झालं. जे आले नाहीत त्यांच्या घरी जायचं. एकही नाव कोरं राहिलं तर काम संपलं असं म्हणायचं नाही. मग त्या मुलीने काहीही निवडो. नको म्हणाली तर तिच्या नावापुढे "नको" लिहू. पण ते तिने म्हटलेलं असेल.

पहिल्या रविवारी मी येते. पतसंस्थेतली मॅडमही येणार आहे, तिने हजेरीपट सांभाळायचं कबूल केलं आहे, त्यामुळे फरक निघायची भीती नाही. आणि सर, तुमची सायकल आहे का अजून? नसली तरी चालेल. आता आमच्याकडे गाड्या आहेत.